गोधडीखालची पाटी

१९७० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जागोजागी अंडी सापडू लागली. जिन्यात, कोपऱ्यांत, मांडलेल्या शिल्पांच्या आसपास. काही कच्ची, काही उकडलेली, आणि त्यांवर लिहिलेलं: ‘५० टक्के’. संग्रहालयाच्या वार्षिक शिल्पप्रदर्शनात निम्म्या कलाकार स्त्रिया असाव्यात, ही मागणी होती. ती लावून धरणाऱ्यांत समीक्षक लुसी लिपार्ड होती आणि हार्लेममध्ये जन्मलेली, सरकारी शाळेत चित्रकला शिकवणारी एक चाळिशीची बाई होती, फेथ रिंगोल्ड. बेट्ये सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोन कृष्णवर्णीय कलाकारांना त्या वर्षी व्हिटनीत जागा मिळाली. निम्म्याचं गणित मात्र जमलं नाही.

गंमत पुढच्या उन्हाळ्यात झाली. १ जुलै १९७१ ला त्याच संग्रहालयाच्या भिंतींवर बायकांचं काम लागलं, आणि तेही साठेक नग. त्या सगळ्या क्विल्ट होत्या. अमेरिकन क्विल्ट म्हणजे तिथली गोधडीच: वर कापडाचे तुकडे जोडून केलेला देखणा थर, मध्ये कापसाची किंवा लोकरीची भर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. आपल्याकडे भर म्हणून जुन्या लुगड्यांच्या घड्या जातात, हा मुख्य फरक. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या जोडीनं पेनसिल्व्हेनियातले जुने बाजार आणि खेडी पालथी घालून या क्विल्ट थोडक्या पैशांत जमवल्या होत्या. निवडताना त्यांनी फुलं, पक्षी, वेलबुट्टी बहुतेक बाजूला ठेवली. मोठे रंगाचे पट्टे, चौकोन, चांदण्या असलेल्या तेवढ्या घेतल्या, म्हणजे दहा पावलांवरून पाहिलं की आधुनिक अमूर्त चित्रांची आठवण व्हावी. पांढऱ्या भिंती, दोन नगांमध्ये ऐसपैस जागा, वरून दिवे. पलंगाचा मागमूसही नाही.

लोकांना ते फार आवडलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हिल्टन क्रेमरनं कौतुकानं लिहिलं, प्रदर्शनाची मुदत वाढवावी लागली, आणि १९७२ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयातही त्या गोधड्या जाऊन आल्या. क्विल्टच्या इतिहासात या प्रदर्शनाचं नाव आजही पहिल्या पानावर असतं.

त्या भिंतीवरच्या पाट्या मात्र वाचण्यासारख्या होत्या. तुकडेजोड क्विल्ट, पेनसिल्व्हेनिया, अंदाजे १९००. किंवा ओहायो, अंदाजे १८८०. कुणी शिवली ते बहुतेक ठिकाणी नाही. जुन्या बाजारात विकत घेतलेल्या वस्तूबरोबर बाईचं नाव येत नाही, हे खरंच आहे. तरीही सहा-सात महिन्यांपूर्वी ज्या दारात बायका आमची नावं आत घ्या म्हणून उभ्या होत्या, त्याच दारातून बायकांचं काम नावाशिवाय आत गेलं, हे विसरता येत नाही. १९७३ मध्ये चित्रकार आणि कला-इतिहासकार पॅट्रिशिया मेनार्डी हिनं एका मोठ्या लेखात नेमकं यावर बोट ठेवलं. अनेक क्विल्टांवर बाईनं स्वतः सुईनं आपलं नाव आणि साल टाकलेलं असतं. क्विल्ट ही चित्रांसारखी दिसते म्हणून कला ठरवायची, आणि ज्या बायकांनी ती आधुनिक चित्रकारांच्या कितीतरी आधी रचली त्यांना अनामिक म्हणून मोकळं व्हायचं, हे तिला पटणारं नव्हतं. मेनार्डीचा राग रास्त होता, असंच पन्नास वर्षांनी मागे वळून पाहताना वाटतं.

कारण क्विल्ट प्रदर्शनात मांडण्याची रीत व्हिटनीनं शोधलेली नव्हती. शेतकी जत्रांमधून भोपळे, लोणची, वळू यांच्या शेजारी क्विल्टांचं दालन एकोणिसाव्या शतकापासून असे. तिथे बक्षिसाची फीत लागे आणि गावाला शिवणारी कोण ते ठाऊक असे.

जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. १८८६ मध्ये तिथल्या कापूस जत्रेत हॅरिएट पॉवर्स नावाच्या शेतकरी बाईनं एक क्विल्ट मांडली. ती १८३७ मध्ये गुलामीत जन्मलेली. यादवी युद्धानंतर स्वतंत्र झाल्यावर नवऱ्याबरोबर तिनं गावाबाहेर लहानशी शेती केली. क्विल्टवर चौकोन-चांदण्यांची नक्षी नव्हती. अकरा चौकटींत बायबलमधल्या गोष्टी होत्या: आदम आणि ईव्ह, केननं केलेला भावाचा खून, याकोबाचं स्वप्न, शेवटचं भोजन. कापडातून कापलेल्या आकृत्या मागच्या कापडावर शिवून टाकायच्या, अशी ही पद्धत. हातशिलाई होती आणि मशीनची शिलाईही होती.

जेनी स्मिथ ही गावातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं ती क्विल्ट पाहिली, शिवणारीला शोधून काढलं आणि विकत मागितली. पॉवर्स कुठल्याही किमतीला द्यायला तयार नव्हती. चारपाच वर्षांनी शेती अडचणीत आली तेव्हा ती बैलगाडीतून स्मिथच्या दारात उतरली. क्विल्ट मांडीवर, पिठाच्या स्वच्छ पिशवीत घातलेली, त्यावर आणखी एक गोणपाटाची पिशवी. तिनं दहा डॉलर मागितले. स्मिथ म्हणाली, माझ्याकडे पाचच आहेत. पॉवर्स बाहेर गेली, गाडीपाशी नवऱ्याशी बोलली, परत आली आणि पाच डॉलर घेतले. मग जाण्याआधी तिनं एकेक चौकट बोटानं दाखवत तिची गोष्ट सांगितली. स्मिथनं ती लिहून ठेवली. म्हणून आज आपल्याला त्या चौकटींचे अर्थ माहीत आहेत. पुढेही पॉवर्स आपली क्विल्ट पाहायला स्मिथच्या घरी अनेकदा येऊन गेली. आपल्याकडच्या चिंध्या तुलाच देईन असं स्मिथनं कबूल केलं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

स्मिथनं हे सगळं मोठ्या आपुलकीनं लिहिलंय, पण त्या आपुलकीत मालकिणीचा सूर आहे. पॉवर्सचं बोलणं तिनं अशिक्षित उच्चारांत उतरवलं आहे. त्यावरून शंभर वर्षं सगळे धरून चालले की या बाईला अक्षरओळख नव्हती. अलीकडे किरा हिक्स या अभ्यासक क्विल्टकार स्त्रीच्या शोधामुळे १८९६ चं एक पत्र पुढे आलं. त्यात पॉवर्स आपण लिहायला-वाचायला कशा शिकलो ते सांगते, आणि आपण केलेल्या आणखी क्विल्टांचा हिशेब देते. दोनच क्विल्ट आज शिल्लक आहेत. पहिली, १८९५ च्या अटलांटा प्रदर्शनात झळकलेली, स्मिथसोनियनमध्ये. दुसरी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात.

दुसरीवर पंधरा चौकटी आहेत आणि ती पहिलीपेक्षाही विलक्षण आहे. तिच्यात बायबलच्या जोडीला पॉवर्सच्या मुलखात तोंडी चालत आलेला इतिहास आहे. १७८० साली मे महिन्यात भर दुपारी अंधार झाला तो दिवस. १८३३ च्या नोव्हेंबरात आकाशातून उल्कांचा पाऊस पडला आणि लोकांना जगबुडी आली असं वाटलं ती रात्र. १८९५ च्या फेब्रुवारीतला, माणसं-जनावरं गोठवणारा गुरुवार. आणि एका चौकटीत जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेलं एक डुक्कर. त्या डुकरिणीचं नाव बेट्स होतं. गुलामीत जन्मलेल्या बाईला पळून जाणाऱ्या जनावराची गोष्ट जपून ठेवावीशी का वाटली, याचा खुलासा करायची गरज नाही.

प्रदर्शन म्हटलं की नावाचा घोळ येणारच, याचा सर्वांत झणझणीत नमुना १९३३ चा. शिकागोच्या जागतिक मेळ्यानिमित्त सिअर्स या बड्या दुकानानं क्विल्ट स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस हजार डॉलर, तेही मंदीच्या ऐन कडाक्यात. देशभरातून जवळपास पंचवीस हजार क्विल्ट आल्या. प्रगतीचं शतक हा मेळ्याचा विषय होता. त्यावर स्वतःची नवी रचना करणारीला दोनशे डॉलर वरून मिळणार होते. कितीतरी बायकांनी आगगाड्या, विमानं, गगनचुंबी इमारती कापून शिवल्या. परीक्षकांनी बक्षीस दिलं ते जुन्याच वळणाच्या तारेच्या नक्षीला. केंटकीतल्या मार्गारेट केडन हिची ती क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली. पुढे कळलं की केडनबाईंनी त्यात एक टाकाही घातला नव्हता. पैसे देऊन दुसऱ्या शिवणाऱ्या बायकांकडून त्यांनी ती करून घेतली होती. त्या बायकांना सगळं माहीत होतं. पण मंदीत हातातलं काम जायची भीती, म्हणून त्या गप्प बसल्या. क्विल्टचाही पुढे पत्ता लागला नाही.

आता पुन्हा रिंगोल्डकडे. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ती चित्रकला शिकायला गेली, तेव्हा मुलींना थेट तो विषय घेता येत नव्हता. शिक्षिका होण्यासाठी म्हणून घेतला तर चालेल, असं सांगितलं गेलं. तिनं तसं केलं. १९५५ ते १९७३ ती शहरातल्या शाळांत चित्रकला शिकवत राहिली आणि उरलेल्या वेळात प्रचंड तैलचित्रं रंगवत राहिली. वर्णद्वेषाच्या दंगलीवरचं ‘डाय’ हे १९६७ चं चित्र बारा फूट रुंद आहे. अशी चित्रं एकट्या बाईनं हलवायची कशी, गाडीत घालायची कशी? विकत घेणारे नव्हते, तेव्हा ती घरात पडून असत.

१९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये तिनं नेपाळ-तिबेटकडचे थंका पाहिले: कापडी किनारीत बसवलेली चित्रं, जी गुंडाळून दुसऱ्या मठात नेता येतात. घरी येऊन तिनं लाकडी चौकटी सोडल्या. कॅनव्हासवर रंगवायचं आणि भोवती कापडाची किनार लावायची. किनार शिवायला माणूस घरचाच होता. आई विली पोझी हार्लेममध्ये कपड्यांचे नमुने बेतणारी, शिवणारी नावाजलेली बाई होती. ती शिवण शिकली होती आजीकडून, आणि आजी आपल्या आईकडून. आईची ती पणजी, सुझी शॅनन, गुलामीत असताना मालकांसाठी क्विल्ट शिवायची. रिंगोल्डची चित्रं आता ट्रंकेत मावू लागली. महाविद्यालयांतून भाषणाचं बोलावणं आलं की चित्रं गुंडाळून धाडायची, तिथं पोचून टांगायची आणि बोलायचं.

मायलेकींनी मिळून पहिली क्विल्ट केली १९८० मध्ये, ‘एकोज ऑफ हार्लेम’. रंगवलेले तीस चेहरे आणि त्यांच्यामध्ये कापडाचे तुकडे. पुढच्या वर्षी आई गेली. त्याच सुमारास रिंगोल्डनं आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं आणि ते छापायला कुणी प्रकाशक तयार होत नव्हता. मग तिनं एक साधी युक्ती केली: गोष्ट क्विल्टवरच लिहायची. संग्रहालयानं क्विल्ट टांगली की गोष्टही टांगली जाते, पुस्तिकेत छायाचित्र छापलं की गोष्टही छापली जाते, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. १९८३ ची ‘हू इज अफ्रेड ऑफ आँट जमायमा?’ ही अशी पहिली. पॅनकेकच्या डब्यावरची, डोक्याला फडकं बांधलेली हसरी मोलकरीण साऱ्या अमेरिकेला माहीत होती. रिंगोल्डनं तिला कर्तबगार व्यावसायिक बाई केलं, घरदार आणि नातीगोती दिली. डब्यावरून ते नाव आणि तो चेहरा हटायला २०२१ उजाडलं.

तिची सर्वांत गाजलेली क्विल्ट १९८८ ची ‘टार बीच’. हार्लेममधल्या इमारतीची डांबर लावलेली गच्ची. गर्मीच्या रात्री माणसं वर येऊन जेवायची, पत्ते खेळायची. टेबलाभोवती चौघं मोठी माणसं, पलीकडे गादीवर दोन मुलं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मागे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे दिवे. त्या पुलावरून आठ वर्षांची कॅसी उडते आहे. तिचा बाप हे पूल आणि इमारती बांधणारा, पण रंगामुळे कामगार संघटना त्याला सभासद करून घेत नाही. कॅसी उडत उडत पूल आणि संघटनेची इमारत आपल्या नावावर करून टाकते. मधलं चित्र कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकनं रंगवलेलं, वर आणि खाली पांढऱ्या पट्ट्यांवर हातानं लिहिलेली गोष्ट, कडेनं फुलाफुलांच्या छापील चिटांचे चौकोन. क्विल्ट गुगेनहाइम संग्रहालयात गेली. १९९१ मध्ये तिचंच मुलांसाठी पुस्तक झालं, कॅल्डेकॉट सन्मान मिळाला, आणि लाखो अमेरिकन मुलांना क्विल्टवर गोष्ट असते हे शाळेतच कळलं.

अस्सल सुईवाल्या बायका कधीकधी नाक मुरडतात: ही तर रंगवलेली चित्रं, टाके नावाला. त्यात तथ्य नाही असं नाही. पण रिंगोल्ड काय करत होती हे १९९१ च्या ‘सूर्यफुलांची क्विल्टबैठक’ या कामात स्वच्छ दिसतं. फ्रान्समधल्या आर्लच्या सूर्यफुलांच्या शेतात आठ कृष्णवर्णीय बायका सूर्यफुलांची क्विल्ट धरून बसल्यात. हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, आयडा वेल्स, रोझा पार्क्स, सगळ्या खऱ्या, प्रत्येकीचं नाव असलेल्या. बाजूला फुलदाणी घेऊन व्हॅन गॉग उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाहीये. रिंगोल्ड तेव्हा सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होती. २००२ पर्यंत तिथे तिनं शिकवलं. ‘डाय’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१६ मध्ये घेतलं, आणि २०१९ मध्ये पिकासोच्या एका जगप्रसिद्ध चित्राशेजारी लावलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा ९३ वर्षांची होती.

रिंगोल्डकडे न्यूयॉर्क होतं. बाकीच्यांना जागा हवी होती. गंमत अशी की ती पुन्हा एका अथेन्समध्येच मिळाली, या वेळी ओहायोतल्या. तिथल्या मनोरुग्णालयाच्या गाईंसाठी १९१४ मध्ये बांधलेला गोठा १९७७ मध्ये पाडायला निघाले होते. गावातल्या लोकांनी तो वाचवला. नॅन्सी क्रो, फ्रान्स्वाझ बार्न्स आणि व्हर्जिनिया रँडल्स या परिसरात क्विल्ट करत होत्या. जत्रेतल्या दालनात त्यांच्या कामाला वाव नव्हता, कारण तिथे जुना नमुना किती बिनचूक उतरलाय यावर गुण मिळत. चित्रदालनांना कापड चालत नसे. १९७९ मध्ये या गोठ्यात ‘क्विल्ट नॅशनल’ हे पहिलं प्रदर्शन भरलं. दर दोन वर्षांनी ते भरत राहिलं. नियम सोपा आणि कडक: थर हवेत, ते टाक्यांनी जोडलेले हवेत, आणि रचना तुमची स्वतःची हवी.

अशा प्रदर्शनांनी एक वेगळंच शास्त्र जन्माला घातलं. पांघरण्याची गोष्ट भिंतीवर टांगायची म्हणजे पाठीमागे वरच्या कडेला कापडाचा नेफा शिवावा लागतो, साधारण चार इंच रुंद, म्हणजे दांडी सरकते आणि वजन सगळ्या कडेवर सारखं पडतं. खिळे ठोकले तर दोन कोपरे ओढले जाऊन मध्ये पोट सुटतं. उजेड मोजून द्यायचा, संग्रहालयांत साधारण पन्नास लक्सच्या आत, आणि काही महिन्यांनी कापड पुन्हा अंधारात ठेवायचं. परीक्षकांकडे पूर्वी क्विल्ट जात नसे, पारदर्शिका जायच्या: एक पूर्ण कामाची, एक जवळून घेतलेल्या टाक्यांची. त्यामुळे पडद्यावर ठसठशीत दिसणारं काम निवडलं जाई आणि बारीक टाक्यांची बाई मागे पडे. आणि क्विल्ट मेळ्यांतून पांढरे हातमोजे घातलेल्या बायका उभ्या असतात. प्रेक्षकानं विनंती केली की त्या क्विल्टचा कोपरा उलटून मागची बाजू दाखवतात. जिला शिवता येतं ती आधी मागची बाजूच बघते. हे पुण्यात किंवा कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

क्विल्ट विकून घर चालवणाऱ्या थोड्याच. बहुतेकींचं पोट शिकवण्यावर चाललं. वाट आधी जीन रे लॉरीनं दाखवली. तिनं १९५६ मध्ये आपल्या मुलासाठी ‘टॉम्स क्विल्ट’ केली, स्टॅनफर्डच्या पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून. तीत मुलाच्या आवडीच्या वस्तू होत्या. १९५८ मध्ये ती एका मोठ्या प्रदर्शनात मासिकाच्या संपादिकेच्या नजरेला पडली आणि लॉरीला लिहायची कामं मिळाली. जुना नमुना गिरवू नका, आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात जे दिसतं ते कापा, असं ती गृहिणींना सांगत राहिली. चित्रकला शिकून क्विल्टकडे वळलेल्या मायकल जेम्सचं शिकवणारं पुस्तक १९७८ मध्ये आलं. पुढे तो नेब्रास्का विद्यापीठात वस्त्रकलेचा प्राध्यापक झाला. व्हिटनीत लागलेल्या होल्स्टीन-संग्रहातल्या गोधड्याही आज त्याच विद्यापीठाच्या क्विल्ट संग्रहालयात आहेत.

गावोगावची क्विल्ट मंडळं शिक्षिकेला बोलावतात. ती मोठी बॅग घेऊन येते. संध्याकाळी एकेक क्विल्ट उलगडून दाखवायची आणि ती कशी झाली ते सांगायचं, याला म्हणतात ट्रंक शो. दुसऱ्या दिवशी वर्ग. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीनं गोल पात्याची सुरी बाजारात आणली आणि कात्रीचे तास मिनिटांवर आले. नॅन्सी क्रोनं या सुरीचा भलताच उपयोग केला. तिच्या वर्गात पट्टीला बंदी. हातानं, नजरेच्या अंदाजानं रेघ कापायची. भिंतीवर फ्लॅनेल ताणलेलं असतं, त्यावर तुकडा नुसता टेकवला तरी चिकटून राहतो. मागे जाऊन बघायचं, बदलायचं, मगच शिवायचं. ज्या बायका आयुष्यभर पाव इंचाची शिवण बिनचूक धरायला शिकल्या, त्यांना वाकडी रेघ कापताना घाम फुटतो, असं या वर्गांत गेलेल्या सांगतात. नावाजलेल्या शिक्षिकेची एक अडचणही ठरलेली: तिच्या विद्यार्थिनींचं काम तिच्यासारखं दिसू लागतं. म्हणूनच क्विल्ट नॅशनलच्या नियमांत दुसऱ्याच्या रचनेवर बेतलेलं काम चालणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

इतकं शिकून वाकडं कापायचं, तेच अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या विनावर्ग चालू होतं. कामावरच्या विटलेल्या जीन, शर्टांच्या पाठी, पिठाच्या पिशव्या. मिझुरी पेटवेनं १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली, त्याच्या आठवणीत निजायला. १९६६ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीतून तिथल्या परिसरात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी राहिली. पुढे सिअर्सनं तिला उशांच्या कॉर्डुरॉय खोळींचं काम दिलं. काम एकसारखं लागे, त्यात बाईची मर्जी चालत नसे. उरलेल्या कॉर्डुरॉयच्या चिंध्या मात्र घरी यायच्या. संग्राहक विल्यम आर्नेटनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस जमवलेल्या आणि २००२ मध्ये आधी ह्यूस्टनला, मग व्हिटनीत लागलेल्या गोधड्यांत त्याच सोनेरी, गंजक्या, हिरव्या चिंध्यांच्या काही आहेत. एकतीस वर्षांनी त्याच संग्रहालयात पुन्हा क्विल्ट आल्या, आणि या वेळी पाटीवर नाव होतं: लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, अ‍ॅनी मे यंग. उद्घाटनाला त्या स्वतः हजर होत्या. २००६ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्या क्विल्टांची तिकिटं काढली. नाव मिळालं की पुढचा प्रश्न पैशांचा. २००७ मध्ये काही जणींनी हक्क आणि मोबदल्यावरून न्यायालयात दावे लावले, ते पुढच्या वर्षी मिटले. आज त्याच वस्तीतल्या बायका बाहेरून येणाऱ्यांना आपली पद्धत शिकवतात.

ही अमेरिकेची गोष्ट आपल्या उंबऱ्याशी एका ठिकाणी येते. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानाकडेला राहतात. या सिद्दींच्या घरी कोकणी बोलली जाते, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. जुन्या साडीचं अस्तर पसरायचं, कडेपासून तुकडे लावत आत यायचं, गोल गोल, मध्यावर संपवायचं. तुकडे आणि थर एकाच धावदोऱ्यात पकडले जातात, त्यामुळे आधी जोडून मग शिवायचा खटाटोप नाही. चार कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना ‘फुल’ म्हणतात. त्यांच्याविना कवंदी उघडी दिसते, असं त्या म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आफ्रिकी कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूवल यांनी हे काम पाहिलं, २००४ मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी करायला मदत केली, आणि २०११ मध्ये या कवंद्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात लागलं. ते केंद्र हार्लेममध्येच आहे, रिंगोल्डच्या गच्चीच्या मुलखात.

तेव्हापासून अमेरिकेतल्या क्विल्ट वर्गांच्या यादीत ‘कवंदी’ हा शब्द दिसू लागला आहे. बेतलेला नमुना नाही, पट्टी नाही, मशीन नाही. कडेपासून सुरू करा आणि आत या. पाव इंचाच्या शिवणीत वाढलेल्या बायका पैसे भरून ते शिकतात, आणि कोपऱ्याला फुल लावायला विसरू नका, असं शिक्षिका त्यांना बजावतात.